गुडघ्याचं सभासदत्व

पुठ्ठेकाका रंगमंचावर कधी आले नाहीत, पण त्यांच्यावाचून दुसऱ्या कुणाचं तिथं निभावलंही नाही. ऐन उमेदीची अकरा वर्षं त्यांनी एका फिरत्या नाटक कंपनीत काढली, ती सगळी पडद्यामागे. राजवाडा हवा, तुरुंग हवा, डॉक्टरचा दवाखाना हवा, काय ते सांगा. पुठ्ठा, कामट्या आणि सरस एवढ्या भांडवलावर काका दुपारच्या चहापर्यंत उभा करून द्यायचे. टाळ्या पडायच्या त्या नटाला. काका विंगेत उभे राहून त्यातला आपला वाटा मनातल्या मनात काढून घ्यायचे आणि पुढच्या प्रवेशाच्या तयारीला लागायचे.

तिथं ते एक गोष्ट शिकले आणि ती जन्मभर विसरले नाहीत. कंपनीचा राजा अडुसष्ट वर्षांचा होता. आवाज असा की शेवटच्या रांगेतली झोपलेली माणसं उठून बसायची, पण गुडघे असे की ते स्वतः बसले तर उठायचे नाहीत. एकदा कुणा नव्या नेपथ्यकाराच्या डोक्यात आलं, सिंहासन बिनहातांचं करू, साधं, नव्या धर्तीचं. झालं. दुसऱ्या अंकात राजेसाहेब ऐटीत बसले आणि त्याच अंकाच्या शेवटी प्रधानाला हद्दपार करायला त्वेषानं उठायचं, तर उठताच येईना. शेवटी त्यांनी प्रधानाला बसल्या बसल्याच हद्दपार केलं. प्रधान राज्याबाहेर गेला. राजा मात्र पडदा पडेपर्यंत सिंहासनाबाहेर पडू शकला नाही. प्रेक्षकांना वाटलं, काय हा रुबाब! दुसऱ्या दिवशी काकांनी कुणाला न विचारता सिंहासनाला दोन भक्कम हात ठोकले. माणसाला बसवणं सोपं असतं, उठवणं हे खरं काम, असं ते तेव्हापासून म्हणत आले.

कंपनी बंद पडली. काका एका डिझाइन स्टुडिओत मॉडेल करायला लागले आणि बघता बघता एकतीस वर्षं तिथंच चिकटले. तिसऱ्या मजल्यावर, जिन्यामागच्या खोलीत त्यांचं राज्य. एक लांब टेबल, स्टीलची पट्टी, सहा कटर, पॉलिश पेपरचे तुकडे, रंगवलेल्या स्पंजाची झाडं, आणि सगळ्यावर गोंदाचा वास. वरची हुशार मंडळी कागदावर रेघा मारायची. त्या रेघांवर खरंच कुणाला चालता, बसता, वळता येईल का, हे पहिल्यांदा काकांच्या टेबलावर कळायचं. मॉडेलमध्ये उभी करायची बोटाच्या पेराएवढी माणसं काका स्वतः तारेची करायचे. नुसती तार वाकवून नव्हे. एखादी बाई पिशवी घेऊन वाकलेली, एखादा म्हातारा थांबून दम खाणारा, दोघी कुणाची तरी निंदा करताना. स्टुडिओतली पोरं लांबून ओळखायची, “काका, ही तर तुमची ताई!” काका लाजायचे.

आणि मग सर परदेशातल्या एका परिषदेला जाऊन आले.

सर म्हणजे स्टुडिओचे मालक. माणूस वाईट नव्हता. वाढदिवस लक्षात ठेवायचा, आजारपणात फोन करायचा. फक्त परिषदेला गेला की बॅगेत एखादा विचार घेऊन यायचा आणि तो पुढचं वर्षभर सगळ्यांना पुरायचा. या खेपेचा विचार मोठा होता. सगळ्यांना गोल बसवून सरांनी तो समजावला.

“तीनशे वर्षं आपण माणसाला मध्यभागी बसवून डिझाइन केलं,” सर म्हणाले. “इमारत माणसासाठी, रस्ता माणसासाठी. बाकीच्यांचं काय? शेवाळ, मुंगी, कबूतर, पाऊस, दगड, यांना कुणी विचारलं? माणसानं आता कडेला सरकायला हवं.”

“किती सरकायचं?” काकांनी सरळ मनानं विचारलं. मॉडेल करणाऱ्याला माप लागतं.

कुणी हसलं नाही. नवा विचार आला की पहिल्या आठवड्यात कुणी हसत नसतं.

लगेच पद्धत ठरली. यापुढे प्रत्येक काम एका सभेपुढे यायचं. सभेत माणूस म्हणून कुणी बोलायचं नाही. प्रत्येकानं माणूस नसलेल्या एका सभासदाच्या वतीनं बोलायचं. चष्मेवाल्या मुलीला शेवाळ मिळालं. ती हुशार आणि मनापासून काम करणारी पोर. आठ दिवस एका ओल्या भिंतीशेजारी बसून आली. स्वागतकक्षातल्या बाईंना ऊन मिळालं, ड्राफ्ट्समनला मुंगी मिळाली. पाऊस, दगड, कबूतर असं करत करत अकरा सभासद झाले. त्यातला अकरावा स्वतःच्या वतीनं बोलणारा होता. ती होती कृत्रिम बुद्धी. तिला मशीन म्हणायला बंदी झाली, “सहकारी” म्हणायचं. सहकाऱ्याचा डबा, म्हणजे आवाज येतो तो स्पीकर, एका गादीच्या खुर्चीवर ठेवला जाई आणि दर सभेला त्याच्यापुढे चहा ठेवला जाई. तो थंड झाला की शिपाई पीत असे. दोघांचीही तक्रार नव्हती.

काकांना काहीच मिळालं नाही. सर म्हणाले, “तुम्ही फक्त करा, काका. तुम्ही आमचे हात आहात.” आणि जाता जाता एक हुकूम सोडला, मॉडेलमधली ती माणसं काढून टाका, नजर उगाच त्यांच्याकडे जाते. काकांनी चिमट्यानं एकशे चौदा माणसं उपटली. दम खाणारा म्हातारा निघता निघेना. त्याच्याखाली गोंद जरा जास्त पडला होता.

नव्या पद्धतीचं पहिलं काम आलं ते बाकांचं. गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या आवारात, जिथं लोक आपला नंबर येईपर्यंत ताटकळतात, तिथं बारा बाक करायचे होते. इस्पितळवाल्यांनी “काहीतरी नवीन करा” एवढंच सांगितलं होतं. हे वाक्य सरांना कधी कुणी सांगू नये.

सभा बसली. सहकाऱ्याला सांगितलं गेलं, बाकाची कल्पना मांड. डब्यातून स्वच्छ, नम्र आवाज आला, “या बाकावर कोण बसणार आहे?”

सर हळहळले. “बघा! याला शिकवलं माणसांच्या लिखाणातून, त्यामुळे हाही माणसाभोवतीच फिरतो. दोष त्याचा नाही. त्याला मोकळं करायला हवं.”

तीन दिवस त्याला मोकळं करण्यात गेले. माणसाचा उल्लेख नको, बसण्याचा आग्रह नको, उपयोग या शब्दावर भर नको. चौथ्या दिवशी सहकारी म्हणाला, “या बाकावर कोण... क्षमा करा.” आणि त्यानं शेवाळाला आवडेल असा ओलसर, मुंगीला सोयीचा असा बुटका आणि पावसाचं पाणी सुखानं मागे वाहील असा उताराचा एक बाक मांडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकास दहा मापाचं मॉडेल करायचं काम काकांकडे आलं.

काकांनी ते केलं, आणि करता करता बोटांनी सवयीनं दोन्ही कडांना दोन हात चिकटवले.

सरांनी मॉडेल उचललं. “हे काय?”

“हात.”

“कुणी मागितले? शेवाळानं मागितले? पावसानं?”

“मागितले नाहीत,” काका म्हणाले, “पण लागतील.”

“कुणाला?”

या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे माणूस हा शब्द उच्चारायचा. सरांनी दोन्ही हात नखानं खरवडून काढले, अगदी प्रेमानं, लहान मुलाच्या गालाला लागलेली खीर पुसावी तसे.

आता काकांचं दुखणं नेमकं काय होतं ते सांगायला हवं. ते घरी होतं, दोन खोल्यांत, आणि त्यांच्याहून सात वर्षांनी मोठं होतं.

ताईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला, डावा मूळचा आणि तोही रुसलेला. दर सोमवारी त्या व्यायामासाठी त्याच इस्पितळात जात आणि नंबर लागेपर्यंत दोन तास त्याच आवारातल्या बुटक्या दगडी कट्ट्यावर बसत. त्या सोमवारी घरी आल्या त्या बोलल्याच नाहीत. ताई बोलत नाहीत म्हणजे घरात काहीतरी मोडलंय.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“काही नाही. नंबर पुकारला, मला उठता येईना. एक धटिंगण मागून आला आणि काखेत हात घालून त्यानं मला उचललं. सिमेंटचं पोतं उचलतात ना, तसं. ब्लाउज वर गेला. सगळी रांग बघत होती.” ताईंनी पर्स मांडीवर ठेवली. “बिचाऱ्यानं मदतच केली म्हणा. पण मी आता जाणार नाही तिथं.”

“ताई, व्यायाम चुकवून कसं चालेल?”

“तू बाक करतोयस ना? झाले की जाईन. मी रांगेत सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा भाऊ करतोय, हात असणारच. धरायचं आणि उठायचं, कुणाच्या बापाची मदत नको.” आणि मग भावाकडे नीट बघून, “असतील ना रे हात?”

काका म्हणाले, “चहा टाकतो.”

“म्हणजे नाहीत.”

“ताई, तिथं माणसाच्या वतीनं बोलताच येत नाही. माणूस नसेल त्याच्याच वतीनं बोलायचं.”

“अगं बाई! मग माणसानं काय करायचं?”

“कडेला सरकायचं.”

ताईंनी चपलेचा बंद सोडता सोडता उजव्या गुडघ्यावर थाप मारली. “हा कुठला माणूस आहे? हा तर कारखान्यात जन्मलाय. याचं कार्डसुद्धा वेगळं आहे. विमानतळावर दाखवायला दिलंय. मी कधी बस सोडून कशात बसले नाही तो भाग वेगळा.” आणि त्यांनी पर्समधून एक निळं कार्ड काढलं. त्यावर सांध्याचा प्रकार, धातू, तारीख आणि एक लांबलचक क्रमांक होता.

काकांनी ते कार्ड दोनदा वाचलं. चहा उतू गेला.

पुढच्या सभेत काका पहिल्यांदाच आपल्या खोलीतून बाहेर येऊन गोलात उभे राहिले. एकसष्टाव्या वर्षी पहिला प्रवेश, आणि भूमिका गुडघ्याची. तळव्यांना घाम सुटला होता. जन्मभर त्यांनी नटांना विंगेतून ढकललं होतं. त्यांना ढकलायला मागे कुणी नव्हतं.

“एका नव्या सभासदाची नोंद करायचीय,” ते म्हणाले आणि कार्ड टेबलावर ठेवलं. “माणूस नाही. धातू आहे. दर सोमवारी दोन तास त्या आवारात असतो.”

“निकषांत बसतो,” डब्यातून ताबडतोब आवाज आला. तो आवाज जरा उल्हासित वाटला असं शिपाई पुढे कित्येक दिवस सांगत होता.

सर तर खुर्चीतून उठलेच. “माणसाच्या आत राहणारा, माणूस नसलेला! काका, हे मला का नाही सुचलं? बोला. गुडघा म्हणून बोला.”

काका खाकरले. “मी गुडघा. मला वाकता येतं, त्यात काही अडचण नाही. सरळ होताना मात्र वरच्या बाजूला काहीतरी धरावं लागतं. मला नव्हे, माझ्या मालकीणबाईंना.”

“मालकीण?” चष्मेवाली दचकली. “वस्तूला मालक असतो हा जुना विचार झाला, काका.”

“बरं, मग माझ्या घरमालकीणबाईंना. मी त्यांच्यात राहतो.”

यावर पाऊण तास चर्चा झाली. गुडघा ताईंमध्ये राहतो की ताई गुडघ्याभोवती राहतात, हे ठरेना. शेवटी सर म्हणाले, गुडघ्याच्या वतीनं दुसऱ्या माणसानं बोलणं हीच दंडेली आहे; गुडघ्यानं स्वतः यावं. खऱ्या मापाचा नमुना-बाक तयार होईल त्या दिवशी त्याला बोलवा.

निमंत्रण घरी आलं. पाकिटावर ताईंचं नाव नव्हतं, कार्डावरचा क्रमांक होता. आत लिहिलं होतं, “प्रिय सभासद, आपल्या वाहकासह उपस्थित राहावे. वाहकाने चर्चेत भाग घेऊ नये.”

“वाहक म्हणजे मी?” ताई म्हणाल्या. “अडुसष्ट वर्षांत आमंत्रणं पुष्कळ आली, पण हमाल म्हणून पहिलंच.” तरी ठेवणीतली साडी काढलीच.

नमुना-बाक स्टुडिओच्या मागच्या अंगणात ठेवला होता. काका दोन दिवस त्याच्याकडे पाहत नव्हते, कारण तो त्यांनीच केला होता आणि फार छान केला होता. कडांना हात नव्हते. बैठक ताईंच्या गुडघ्याहून चार बोटं खाली. पाठीला चष्मेवालीनं लावलेलं शेवाळ खरोखर सुरेख धरलं होतं. अकरा सभासद जमले, सहकाऱ्याचा डबा गादीसकट खाली आणला गेला. ताई आल्या, बाकाकडे वरून खाली पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि बसल्या.

“आता सभासदानं सरळ व्हावं,” सर म्हणाले.

ताईंनी जोर केला. काहीच झालं नाही. पुन्हा केला. ओल्या बैठकीवर तळहात घसरला. सगळे वह्या उघडून बघत राहिले.

“बाकानं त्यांना धरून ठेवलंय,” सर हळूच म्हणाले. “किती गाढ नातं!”

“नातं?” ताई फुटल्या. “हा काय माझा जावई आहे?”

“वाहकानं बोलू नये असं ठरलंय,” ड्राफ्ट्समन चाचरत म्हणाला.

“तू मुंगी ना रे? मग मुंगीएवढं बोल. तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली मी, आणि माझीच लाइन कापता होय? या तुमच्या डब्याला विचारा. तो तरी खरं बोलतो असं ऐकलंय.”

“गुडघा नऊ मिनिटं वाकलेल्या स्थितीत आहे,” सहकारी म्हणाला. “सरळ होण्याचे चार प्रयत्न झाले. या बाकावर कोण... क्षमा करा. गुडघ्याला धरायला काहीतरी हवं.”

मदतीला चौघं धावले, पैकी दोघांचे हात ताईंच्या काखेकडे वळले. “हात मागे,” काका म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण अंगणात तो पहिल्यांदाच ऐकू आला होता, म्हणून सगळे थांबले. त्यांनी ताईंसमोर आपला कोपरापासूनचा हात आडवा धरला, कठड्यासारखा. ताईंनी तो धरला आणि आपल्या आपण उठल्या. पदर सारखा केला. “एवढंच मागत होते,” त्या म्हणाल्या.

सरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. म्हणून तर त्यांच्यावर रागावता येत नसे. निर्णय मात्र त्यांनी पद्धतीप्रमाणेच दिला. “सभासदाची गरज सिद्ध झाली. नोंदवलेला गुडघा एक. म्हणून बारांपैकी एका बाकाला हात.”

घरी जाताना काका मान खाली घालून चालत होते. रांगेत पस्तीस-चाळीस माणसं, आणि हाताचा बाक एक. आपण तोंड उघडलं आणि एवढंच पदरात पडलं.

ताई मात्र चालता चालता बोटं मोजत होत्या. “एका गुडघ्याला एक बाक काय? मग मला येत्या सोमवारी जायलाच हवं.”

“आता जाणार नव्हतीस ना?”

“कामाला जातेय, बसायला नाही.”

ताईंनी त्या सोमवारी उभ्यानंच रांग पालथी घातली. एक्स्चेंजमधल्या बाईला कुणाचा नंबर कसा काढायचा हे शिकवावं लागत नाही. दोन सोमवारांत काकांच्या टेबलावर अर्जांची चळत आली. गुडघे एकोणीस, खुब्याचे सांधे सात, हृदयाला ठोका देणारी यंत्रं चार, कानातली यंत्रं सहा, आणि कवळ्या सात. एकूण त्रेचाळीस. प्रत्येकाला कार्ड किंवा डॉक्टरची चिठ्ठी जोडलेली, आणि प्रत्येक अर्जाखाली ताईंच्या ठसठशीत अक्षरात, “मी माणूस नाही.”

सहकाऱ्यानं एकेक अर्ज तपासला. “निकषांत बसतो. निकषांत बसतो.” कवळ्यांपाशी गाडी अडली. कवळी बाहेर काढून ठेवता येते, तेव्हा ती दिवसरात्र सभासद की फक्त जेवताना? त्यावर एक आख्खी सकाळ गेली. शेवटी घेतल्या.

त्रेचाळीस सभासदांना वाहकांसकट तीन जिने चढवणं शक्य नव्हतं, म्हणून बाकांच्या हातांचा ठराव मांडायला सभा इस्पितळाच्या आवारातच भरली. दगडी कट्टा भरून गेला. एका आजींनी कवळी रुमालावर काढून ठेवली, तिला मोकळेपणानं मत देता यावं म्हणून. मग त्यांचं स्वतःचं बोलणं कुणाला कळेना, आणि त्यांनी तर सगळ्यांत जास्त बोलायचं ठरवलं होतं. सर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, हरखलेले आणि थोडे घाबरलेले. त्यांच्या विचाराला एवढी गर्दी कधी जमली नव्हती.

मतदानाआधी चष्मेवाली उठली. तिचा आवाज कापरा होता. “शेवाळ आता अल्पमतात आहे. पण ते भिंतीवर तुमच्याआधीपासून आहे. ते पुसून टाकू नका एवढंच.”

कट्ट्यावर कुजबुज झाली. काका उठले. ही त्यांची दुसरी वेळ, आणि या वेळी तळवे कोरडे होते. “कशाला पुसायचं? शेवाळाला पाठ द्या, मुंगीला पायाशी जागा द्या, गुडघ्याला हात द्या आणि बैठक चार बोटं वर घ्या. बाक मोठा आहे, पोरी. कुणी कुणाच्या मध्ये येत नाही. मध्यभागी कोण, यावर भांडत बसलो म्हणून कडा राहिल्या.”

तेवढ्यात कट्ट्याच्या टोकावरून एक म्हातारे उठायची धडपड करू लागले. त्यांना रांगेत सगळे मास्तर म्हणत. वय चौऱ्याऐंशी, पाठीच्या दुखण्यासाठी येत. “मला पण मत द्यायचंय,” ते म्हणाले.

“तुमचा सभासद कोण, आजोबा?” ड्राफ्ट्समननं विचारलं.

“तेच तर. माझ्याकडे काहीच नाही हो. दात माझे, डोळे माझे, गुडघे माझे. दुखतं तेही माझंच.” मास्तरांचा चेहरा ओशाळला. “ताईंनी फार शोधलं. एक टाकासुद्धा निघाला नाही.”

“निकषांत बसत नाही,” सहकारी म्हणाला. मग हळूच, “दिलगीर आहे.”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर मास्तरांकडे बघत राहिले, अगदी टक लावून, जन्मात पहिल्यांदा असं काही पाहत असल्यासारखे. “संपूर्ण? काहीच बसवलेलं नाही?”

“काहीच नाही,” मास्तर अपराध्यासारखे म्हणाले.

“मग हे दुर्मीळ आहेत,” सर म्हणाले. “असे आता फार थोडे उरले. दुर्मीळ प्राणी म्हणून यांना घ्यायला हरकत नाही.”

“प्राणी चालेल,” मास्तर घाईघाईनं म्हणाले. “लिहा प्राणी.”

काकांनी मान फिरवली. हसू येत होतं की दुसरं काही, त्यांचं त्यांनाच कळेना. ताईंनी मात्र मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि सरांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बसा मास्तर, तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं सगळ्यांत आधी.”

ठराव झाला. बाराही बाकांना हात, बैठक चार बोटं उंच. विरोधात फक्त कबूतर होतं. त्याच्या वतीनं बोलणाऱ्याला आयत्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

दोन महिन्यांनी बाक आवारात बसले. पहिल्या सोमवारी काकांनी रजा घेतली, आणि त्यांनी रजा घेतलेली स्टुडिओत कुणाला आठवत नव्हती. ते फाटकाशी उभे राहिले. विंगेत उभं राहायची खोड जात नाही. ताईंचा नंबर पुकारला. ताईंनी दोन्ही हात धरले, उठल्या, आणि मागं वळूनही न बघता आत गेल्या, जणू काही विशेष झालंच नव्हतं.

शेजारच्या बाकावर मास्तर होते. ते हात धरून उठले. उभे राहिले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. असं सात-आठदा झालं. शेजारची बाई वैतागली. “अहो मास्तर, नंबर आलाय का तुमचा?”

“नाही हो. नुसता उठून बघतोय.”

व्यायाम आटोपून ताई बाहेर आल्या तेव्हा काका एका रिकाम्या बाकापुढे उकिडवे बसले होते आणि हाताची लांबी वितीनं मोजत होते.

“आता काय राहिलं?” ताईंनी विचारलं.

“चुकलंच जरा. मास्तर जोर देतात तेव्हा त्यांची मूठ कडेच्या बाहेर जाते. दोन बोटं पुढे यायला हवा होता.”

“मग सांग तुझ्या सरांना.”

“सांगतो ना. उद्याच सांगतो,” काका म्हणाले आणि उकिडव्याचं उभं राहायला त्यांनी, बेसावधपणे, समोरचा हात धरला.